अण्णांचा टेम्पो

आमच्या गाडीचं कागदोपत्री नाव प्रीमियर पद्मिनी. साल १९७४, म्हणजे हे नाव तिला मिळालं तेच वर्ष. त्याआधी थोड्याफार फरकानं तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ होती आणि त्याच्याही आधी ‘फियाट ११०० डिलाइट’. कुर्ल्याच्या कारखान्यात बघता बघता राष्ट्राध्यक्षाची चितोडची राणी झाली, पण लोकांनी काही दखल घेतली नाही. लग्नात नाव बदललेल्या आत्याला घरचे जसे जन्मभर माहेरच्याच नावानं हाक मारतात, तशी ती शेवटपर्यंत सगळ्यांची फियाटच राहिली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. थांबायला अण्णांची हरकत नव्हती. हरकत आजोबांची, म्हणजे अण्णांच्या दादांची होती, आणि ती पैशाची नव्हती, भूमितीची होती. ‘‘वाड्याच्या दारातून आत येणार नाही,’’ एवढंच ते म्हणायचे. कसबा पेठेतल्या आमच्या वाड्याचं दार माणसं, गुरं आणि फार तर एखादी पालखी या हिशेबानं बांधलेलं. अण्णांनी सुतळी घेऊन दार मोजलं, मग मित्राच्या फियाटची रुंदी मोजली. पाच फुटांच्या आत भरली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरत होती. ‘‘चार बोटं म्हणजे जागा नव्हे,’’ आजोबा म्हणाले, ‘‘ते नशीब.’’

गाडी आली आणि आत शिरलीही. सात वर्षं रोज शिरत होती. १९८१ साली दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मात्र ती पुढचं डावं मडगार्ड चेपून घेऊन आली. मंडईपाशी टेम्पोनं घासली, असं अण्णांनी सांगितलं. आजोबांनी चष्मा लावून मडगार्ड पाहिलं, ‘‘हं,’’ म्हणाले आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. आठवड्याभरात गाडी दुरुस्त होऊन, नव्या रंगात चकचकीत होऊन परतली. टेम्पो मात्र आमच्या घरात कायमचा मुक्कामाला आला. कपबशी फुटली, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला, फ्रिजमधलं श्रीखंड रातोरात निम्मं झालं, की कुणीतरी म्हणायचंच, ‘‘टेम्पो येऊन गेला असेल.’’ पुढं सुना आल्या, नातवंडं झाली. त्यांच्यापैकी कुणीही तो टेम्पो पाहिला नव्हता, पण आपले गुन्हे त्याच्या नावावर टाकायला सगळे शिकले.

वाडा पाडला गेला, आम्ही फ्लॅटमध्ये आलो, अण्णा गेले. त्यांच्यानंतर गाडी चालवायचं कुणाच्या मनात येईना आणि विकायचं त्याहून येईना. मी चांगली जाड ताडपत्री आणली, गाडी नखशिखांत झाकली, चारही बाजूंनी नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधली आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात नऊ पावसाळे काढले.

निवृत्त झाल्यावर दोरी सोडली. आतून ओल्या गोणपाटाचा वास आला. ताडपत्रीनं पाऊस बाहेर ठेवला होता हे खरं, पण जमिनीतून वर आलेला दमटपणाही तिनं तितक्याच निष्ठेनं आत ठेवला होता. दाराच्या खालच्या कडा बिस्किटासारख्या झाल्या होत्या. मागच्या सीटखालून खालची फरशी दिसत होती, आणि त्या फरशीवर आमच्याच गाडीच्या तांबूस भुकटीची बारीकशी रांगोळी पडली होती.

अशा गाड्यांचं काम करणारे एक मामा आंबेगावच्या पुढं आहेत असं कळलं. मूळचे कोल्हापूरकडचे, वय सत्तरीला टेकलेलं, सगळ्यांचे मामाच. त्यांची शेड म्हणजे वर पत्रा, खाली पत्रा, मधे पत्रा. ते आले ते खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक काढतच. काही बोलले नाहीत. डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप फिरवतात तसं ते चुंबक गाडीच्या अंगावरून फिरवू लागले. बॉनेटवर ते चिकटून चाललं. उजव्या मडगार्डवर थोडं रेंगाळलं. डाव्या मडगार्डवर हेडलाइटच्या मागं आलं आणि टपकन खाली पडलं.

‘‘साहेब, हितं पत्राच न्हाई,’’ मामा म्हणाले. ‘‘हितं लांबी हाय.’’

लांबी म्हणजे पुट्टी. चेपलेला पत्रा ठोकून मूळ जागी आणायला वेळ लागतो. खड्ड्यात लांबी भरून, घासून, वर रंग मारला की काम लवकर उरकतं आणि दिवाळी साधते. मामांनी छिन्नी लावून एक हलका ठोका दिला. जुन्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा पाव इंच जाडीचा पोपडा निघून हातात आला. मी लहानपणी ज्या गुळगुळीत मडगार्डवर हात फिरवून शाळेला जायचो, ते मडगार्ड हे. खाली मूळ पत्रा होता, काळपट, मधोमध खोल वाटीसारखा बसलेला.

‘‘काय लागलं होतं?’’ मामांनी विचारलं.

‘‘टेम्पो,’’ मी म्हणालो. चव्वेचाळीस वर्षांची सवय.

मामा वाकले, खड्ड्यात अंगठा घातला, आतून हात घालून पाठीमागूनही चाचपलं. ‘‘टेम्पो घासला तर लांब रेघ पडती. पत्रा म्हागं वढला जातोय. ह्यो नुसता बसलाय. गाडी हळू हुती आन् समोरचं हलत नव्हतं.’’ मग थोडं थांबून त्यांनी निकाल दिला, ‘‘दगूड हाय ह्यो. गोल कोपऱ्याचा.’’

आमच्या वाड्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे दोन घडीव दगड होते. त्यांचे कोपरे माणसांच्या बसण्यानं गोल झाले होते. मी काही बोललो नाही. आजोबा जाऊन पस्तीस वर्षं झाली, अण्णा जाऊन दहा. या वयात बापाची चोरी पकडून तक्रार करायची तरी कुणाकडं?

मडगार्डचा पुढचा निम्मा भाग कापून नवा करावा लागेल असं ठरलं. हेडलाइटच्या वाटीमागं चाकानं उडवलेला चिखल वर्षानुवर्षं साठत जातो, ओलाव्यानं तो पत्रा आतून खातो. लांबी निघाल्यावर ती जागा उजेडापुढं धरलेल्या चाळणीसारखी दिसत होती. मी भाबडेपणानं विचारलं, ‘‘तयार मिळत नाही का?’’ मामा हसले. मुंबईत ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता तीही रस्त्यावरून उतरली. टॅक्स्या होत्या तोवर त्यांच्या जिवावर कुर्ल्याचा जुना बाजार आणि आमची नाना पेठ भरलेली असायची. आता एखादं मडगार्ड मिळालंच तर ते आमच्यापेक्षा जास्त गंजलेलं, आणि विकणारा त्याची किंमत पुरातन मूर्तीसारखी सांगणारा.

तेव्हा सीआर पत्रा आणला. वीस गेजचा, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर जाड. आठ बाय चारचा अख्खा पत्रा साधारण एकवीस किलो भरतो. तो दोन माणसांनी दोन टोकांना धरून आणताना मधे झोळीसारखा डुलतो आणि गडगडल्यासारखा आवाज काढतो. नाटकात वीज चमकल्यावर पडद्यामागं जे हलवतात ते हेच. या सपाट, निर्विकार चादरीतून फियाटचा तो गुबगुबीत गाल काढायचा होता.

पहिलं काम कागदाचं. त्याला फर्मा म्हणतात, शिंप्याकडं असतो तसाच. डावं मडगार्ड तर बसलेलं, म्हणून उजव्यावर कागद लावून त्याचा आकार घ्यायचा आणि कागद उलटा करायचा. मामांनी रद्दी पेपर उजव्या मडगार्डवर ठेवला आणि तो तळहातानं दाबत नेला. मी आयुष्यभर पुस्तकांना कव्हरं घातली, पण हे तेव्हाच कळलं की फुगीर गोष्टीवर कागद कधीही नीट बसत नाही. कडेला त्याला चुण्या पडतात, मधे ताण येऊन तो फाटतो. मामांनी चुण्यांच्या जागी पेन्सिलीनं खुणा केल्या, फाटला तिथं फुल्या मारल्या.

‘‘जिथं चुनी पडली तिथं पत्रा आवळायचा. जिथं फाटला तिथं पसरायचा. बास.’’

सगळी विद्या या दोन वाक्यांत संपली. उरलेली चाळीस वर्षं हात बसायला.

पण उजवं मडगार्डही निष्पाप नव्हतं. त्यावरही केव्हातरी स्कूटर पडली होती, आणि चुंबक तिथं रेंगाळलं होतं ते उगीच नव्हे. मग ओळखीतून दुसरे एक पद्मिनीवाले गाठले. रविवारी सकाळी त्यांच्या गाडीला कागद लावायची परवानगी मिळाली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात वडील बसतात तसे ते खुर्ची टाकून शेजारी बसले आणि मामांचा हात बॉनेटच्या दिशेनं सरकला की खाकरायचे. फर्मा घेतला, परत आणला, आमच्या उजव्यावर ठेवला. एका बोटाचा फरक. तिसरी एक गाडी शोधली. तिचा फर्मा पहिल्या दोन्हींशी पटेना. पन्नास वर्षांत या तिघींच्या अंगावरून किती हातोड्या फिरल्या असतील कोण जाणे. कारखान्यातून निघालेला मूळ गाल आता कुणापाशीच शिल्लक नव्हता. मामांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले, उन्हापुढं धरले आणि मधूनच स्वतःची एक रेघ मारली.

‘‘ही कुणाची?’’ मी विचारलं.

‘‘ही बरोबर हाय,’’ मामा म्हणाले.

सरकारी नियमानं हा मोठा नाजूक प्रश्न आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्यानं नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, आणि ती रोजच्या कामाला वापरायची नाही. आमची फियाट आता त्यात बसते. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात किंवा बॉडीत काही बदल केलेला नको. हा नियम मी मामांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘‘मग मूळ रूपच तर करतुया.’’ देवळाचा जीर्णोद्धार करताना कळस नवा चढवतात, सभामंडप नवा बांधतात, तरी देऊळ पुरातनच राहतं, ही आपली जुनी सोय आहे. आमच्या गाडीत नेमकं किती किलो मूळ रूप उरलं आहे हे मोजायच्या फंदात मी पडलो नाही.

पत्रा कापून मामा वाळूच्या पिशवीपाशी बसले. चामड्याची, चार टाके घातलेली, मांडीएवढी पिशवी. तिच्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोड्यानं गोल फिरत, बाहेरून मधे, ठोके देत जायचं. पत्रा खाली वाळूत बसत जातो आणि त्याची वाटी होऊ लागते. पहिल्या तासाभरात जे दिसतं ते बघवत नाही. अक्रोडाच्या सालीसारखं, कुरूप, उंचसखल. मला वाटलं बिघडलं. मामा निवांत होते.

मग पत्रा लोखंडी डॉलीवर गेला. डॉली म्हणजे मुठीत मावणारा, वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळा गोलवा असलेला, घासून आरसा केलेला लोखंडी ठोकळा. डाव्या हातानं ती पत्र्याच्या आतून धरायची, उजव्या हातानं बाहेरून चपटी हातोडी मारायची. डॉली दिसत नसते, ती पत्र्यापलीकडं असते. तरी प्रत्येक ठोका बरोबर तिच्यावरच पडतो. चुकला तर आवाज पोकळ येतो, बसला तर नितळ वाजतो. मामा बघत नव्हते, ऐकत होते.

या आवाजात मी वाढलो आहे. आमच्या वाड्यापासून तांबट आळी जवळच. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या या मंडळींच्या हातोड्या सकाळपासून तांब्याच्या भांड्यांवर चालू असायच्या. घंगाळं, बंब, हंडे. भांड्यावर ते जे चमकदार गोल ठसे दिसतात, ते मठारकाम. आम्हा पोरांना ती नक्षी वाटायची. नक्षी तर ती आहेच, पण ठोकून ठोकून तांबं कडकही होतं. आणि फार कडक झालं की तडकतं, म्हणून मधूनच भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. मामांच्या पत्र्याचीही तीच तऱ्हा. दुपारनंतर हातोडीचा आवाज चढू लागला तसे ते थांबले, गॅसची ज्योत फिरवून पत्रा लाल केला आणि निवायला ठेवला. ‘‘लय तापट झाला हुता,’’ म्हणाले. आमच्या आजोबांबद्दल आजी याच शब्दांत बोलायची, फक्त उपाय उलटा होता. त्यांना गार ताक द्यावं लागे.

एक दिवस मीही हातोडी मागितली. मामांनी कातरणाचा एक तुकडा दिला आणि वाटी करायला सांगितली. वाटी झाली, पण तिला मधोमध एक टेंगूळ आलं. टेंगूळ वर आलं म्हणजे वरून ठोकून खाली बसवायचं, हे कुणालाही सुचेल. मी ठोकलं. ते वाढलं. जोरात ठोकलं. आणखी वाढलं. दहा मिनिटांत माझ्या वाटीला एक छोटा पुत्र झाला.

‘‘साहेब, डॉलीवर पत्रा मारला की पातळ हुतोय, पातळ झाला की पसरतोय,’’ मामा म्हणाले. ‘‘त्यो दबत न्हाई, वाढतोय. पोरांवानी.’’

मग ते टेंगूळ त्यांनी उतरवलं ते असं. गॅसची बारीक ज्योत लावून त्याचा रुपयाएवढा भाग लाल केला. लाल झाल्यावर तो आणखीच फुगला. त्यावर कडेनं चार हलके ठोके, आणि लगेच ओलं फडकं. छन्न करून वाफ उठली आणि टेंगूळ आक्रसून पत्र्यात विरलं. तापलेल्या मऊ जागेला चहूकडून गार पत्र्यानं दाबून धरलेलं असतं, पसरायला जागा नसल्यानं ती आतल्या आत जाड होते आणि निवताना ओढून घेते. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मी फक्त ‘अरे!’ म्हणालो. ती वाटी माझ्या टेबलावर आहे. सपाट जागी ठेवली तर हळूहळू स्वतःभोवती फिरते.

मडगार्ड चार तुकड्यांत झालं आणि मग ते जोडायचं होतं. शिवणकामात आणि वेल्डिंगमध्ये शब्द एकच, टाका. सरळ शिवण मारत गेलं तर उष्णतेनं अख्खा पत्रा वाकडा होतो. म्हणून एक टाका इथं, दुसरा वीतभर पुढं, तिसरा पुन्हा अलीकडं, मधे हात लावून बघायचं, गार झालं की पुढचा. शेडमधली तरुण पोरं सीओटू वेल्डिंग वापरतात, ते भरभर होतं. मामांना गॅसच आवडतो. सीओटूचा टाका कडक राहतो, त्यावर हातोडी चालत नाही, गॅसचा मऊ असतो, ठोकून पत्र्यात मिसळून जातो, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य किती आणि वय किती हे मी ठरवू शकत नाही. पण पोरंही अवघड जागा आली की त्यांनाच हाक मारत होती.

त्या दिवसांत गणपती आले. घरी आई उकडीचे मोदक करत होती. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे, उभं राहवत नाही, पण पारी वळायचं काम कुणाला देत नाही. मी समोर बसून तिला मामांची विद्या समजावून सांगत होतो. म्हटलं, ‘‘हे तू करतेस ना, तेच ते पत्र्याचं करतात. उकडीचा गोळा कडेकडेनं अंगठ्यानं दाबत गेलीस की पातळ होऊन पसरतो आणि वाटी होते. आणि वर मिटताना कडेला कळ्या पाडून त्या एकमेकींत दाबल्यास की घेर आवळतो. ते पत्र्यालासुद्धा कडेला अशाच चुण्या पाडतात आणि ठोकून आत मुरवतात. पत्रा तिथं जाड होतो, घेर कमी होतो.’’

‘‘मग त्यात काय एवढं?’’ आई म्हणाली. बोटं चालूच होती. ‘‘किती कळ्या पाडतात?’’

‘‘सात-आठ.’’

‘‘कमी आहेत.’’

थोडा वेळ गेला. मोदक पात्रात बसला. दुसरा गोळा हातात घेत, डोळे वर न करता तिनं विचारलं, ‘‘डावीकडचंच ना ते?’’

‘‘हो. हेडलाइटच्या मागचं.’’

‘‘मी म्हटलं होतं त्यांना, डावीकडे दगड आहे, हळू घ्या.’’

माझ्या हातातला नारळाचा चव खाली सांडला. ‘‘तू गाडीत होतीस?’’

‘‘मग? मंडईतून दिवाळीचं सामान घेऊन आलो होतो. मांडीवर भाजणीची पिशवी होती, ती पुढं सांडली. ती आधी गोळा केली आणि मग उतरले.’’

‘‘आणि टेम्पो?’’

आईनं पारी उजेडापुढं धरून जाडी पाहिली. ‘‘ते दारातच बसले होते, स्टिअरिंग धरून. म्हणाले, आता दादांना तोंड कसं दाखवू, सात वर्षं टिच्चून आत आणली गाडी. मी म्हटलं, सांगा टेम्पो लागला म्हणून. टेम्पो काय, सगळ्यांनाच लागतात.’’

म्हणजे टेम्पो अण्णांचा नव्हताच. त्यांनी तो आयुष्यभर चालवला एवढंच. चव्वेचाळीस वर्षं घरातल्या प्रत्येक फुटक्या कपाबशीच्या वेळी आई आमच्याबरोबर हसत होती, ‘टेम्पो आला असेल’ म्हणत होती, आणि मूळ फर्मा तिच्याकडं होता.

‘‘आजोबांना कळलं नाही?’’

‘‘न कळायला काय झालं! दगडावर हिरवा रंग लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर दगड घासून स्वच्छ. मी नाही घासला. ह्यांनीही नाही.’’ तिनं पात्रावर झाकण ठेवलं. ‘‘बारा मिनिटं लाव.’’

मडगार्ड बसलं त्या दिवशी मी शेडवर होतो. शेवटचा भाग हातानं तपासायचा असतो. मामांनी तळहाताखाली जुन्या साडीचा तुकडा धरला आणि डोळे मिटून हेडलाइटपासून दारापर्यंत हात नेला. फडकं मधे असलं की बोटांचा खरखरीतपणा आड येत नाही आणि केसाएवढा उंचवटाही कळतो. दोन ठिकाणी थांबले, खडूनं खूण केली, तिथं हातोडीचे तीन-चार ठोके. मग पत्र्यावर ओलं फडकं फिरवलं आणि वरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ त्या ओलीत बघितली. रेघ गालावरून घरंगळत गेली, कुठं अडखळली नाही. एके जागी मी अंगठ्यानं दाबून पाहिलं तर डब्याच्या झाकणासारखं ‘टक’ झालं. मामांनी माझ्याकडं बघितलं, एक शब्द न बोलता तिथं रुपयाएवढी जागा लाल केली, ओलं फडकं मारलं. पुन्हा दाबलं तर आवाज नाही. त्यावर रेड ऑक्साइड चढला. लांबी लागलीच तर नखाएवढी.

कापून काढलेला जुना तुकडा मी घरी आणला. बायकोनं तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि तो गॅलरीत कुठंतरी जाऊन पडला. परवा बघितलं तर त्या खड्ड्यात कुणीतरी कढीपत्त्याच्या कुंडीची बशी बसवली होती. अगदी घट्ट बसली आहे.

रंग होऊन गाडी घरी आणली तेव्हा पहिली फेरी आईला मारायची असं ठरलं होतं. रंग तोच, हिरवा. ती डावीकडं बसली, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. मी चोक ओढला, स्टिअरिंगवरचा दांडा पहिल्यात टाकला, तो नेहमीप्रमाणं दुसऱ्या प्रयत्नात पडला. लक्ष्मी रोडपर्यंत जाऊन आलो. दोन-तीन ठिकाणी लोकांनी मोबाइल काढून फोटो घेतले, एका पोरानं सिग्नलला विचारलं, ‘‘काका, ही कुठली गाडी?’’ आई काचेतून म्हणाली, ‘‘फियाट.’’

परत येताना सोसायटीच्या फाटकाशी गाडी वळवली. फाटक चांगलं चौदा फुटी आहे, पाण्याचा टँकर सरळ आत येतो.

‘‘हळू,’’ आई म्हणाली. ‘‘डावीकडे दगड आहे.’’

मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, उतरून पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. दगड नव्हता. कचऱ्याची ओली-सुकी अशी दोन डबडी होती, भिंतीला लागून, मडगार्डपासून हातभर लांब. ती उचलून मी आणखी पलीकडं ठेवली आणि परत येऊन बसलो.

‘‘आता चल,’’ आई म्हणाली.